एक बंड पुण्यात, एक शांघायमध्ये

तर झालं असं की ट्रॅव्हल डेस्कने सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं आणि अमेरिकेला जाता जाता शांघायच्या पुडोंग विमानतळावर तेरा तासांचा मुक्काम माझ्या पदरी पडला. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा २०२५ च्या शेवटी पुन्हा सुरू झाली, त्याचा हा माझ्या वाट्याला आलेला प्रसाद. तेरा तास विमानतळावरच्या खुर्चीत मान वाकडी करून झोपायचं, की बाहेर पडायचं? चोवीस तासांच्या आत पुढचं विमान असेल तर व्हिसा नसला तरी शहरात जायची तात्पुरती परवानगी मिळू शकते, शेवटचा शब्द अर्थात काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा. फॉर्म भरला, बोटांचे ठसे दिले. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पुढच्या बोर्डिंग पासकडे पाहिलं, आणि दाणकन शिक्का मारला. म्हटलं, चला!

विमानतळावरून मॅग्लेव्ह घेतली. रूळाला न टेकता चुंबकावर तरंगत जाणारी ही गाडी २००४ पासून रोज धावते आहे. अंतर तीस किलोमीटर. डब्यातल्या पाटीवर वेगाचा आकडा ३०० ला टेकला तेव्हा डब्यातले निम्मे लोक त्याचा फोटो काढत होते, मीसुद्धा. मग मेट्रोची दोन नंबर लाइन, ईस्ट नानजिंग रोड स्टेशन, तिथून पायी दहा मिनिटं, आणि समोर ह्वांगपू नदी.

नदीच्या अलीकडच्या काठाला म्हणतात बंड. दीड किलोमीटरचा रुंद कट्टा, मागे दगडी वसाहतकालीन इमारतींची रांग. पलीकडे पुडोंग. १९९४ चा ओरिएंटल पर्ल टॉवर, शेजारी जिन माओ, मग बाटली उघडायच्या ओपनरसारखा दिसणारा फायनान्शियल सेंटर आणि सगळ्यांच्या वर मान काढून ६३२ मीटरचा शांघाय टॉवर. पुडोंग विकसित करायचं हे चीन सरकारने १९९० मध्ये जाहीर केलं. म्हणजे हा सगळा पसारा साधारण माझ्या पिढीच्याच वयाचा.

मी पहिली-दुसरीत असताना, २००४ च्या सुमारास, 'मुंबईचं शांघाय करणार' ही घोषणा जोरात होती. पंतप्रधानांपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सगळे बोलायचे. घरी बाबा पेपर वाचताना हसायचे एवढं आठवतं. त्यामुळे त्या कट्ट्यावर उभा राहून पहिला विचार आला तो तोच, की नाही झालं बुवा मुंबईचं शांघाय.

पण मग एक गंमत लक्षात आली. कट्ट्यावरच्या शेकडो लोकांची तोंडं नदीपलीकडच्या काचेच्या इमारतींकडे होती आणि पाठ मागच्या दगडी इमारतींकडे. मी उलटा फिरलो. आणि पुढचे चार तास मी जे पाहिलं त्याचा सारांश एका वाक्यात सांगायचा तर असा: मुंबईचं शांघाय व्हायचं राहिलं असेल, पण शांघायचा हा काठ उभा राहिला त्यात मुंबईचा पैसा होता. आणि पुण्याचाही संबंध येतो. सांगतो.

आधी शब्दाबद्दल. बंड म्हटलं की मराठी माणसाला तलवार उपसलेला कोणीतरी आठवतो. पण पुणेकराला दुसरंच आठवतं, बंड गार्डन! हा बंड म्हणजे आपला बांध, बंधारा. फारसी-हिंदुस्थानी 'बंद' हा शब्द इंग्रजांनी भारतात उचलला, त्याचं 'बंड' केलं आणि पुढे चीनमध्ये जाताना सामानाबरोबर नेला. चिनी लोक या जागेला वायतान म्हणतात, त्यांच्या भाषेत बंड नाहीच. शांघायच्या सगळ्यात प्रसिद्ध जागेचं जगप्रसिद्ध नाव हिंदुस्थानातून आलेलं आहे.

शब्द एकटा आला नाही. त्याच्याबरोबर पेट्या आल्या. अफूच्या.

शाळेत आपण अफूची युद्धं शिकलो, दोन ओळी. इंग्रजांनी चीनला जबरदस्तीने अफू विकली, चीनने विरोध केला, युद्ध झालं, चीन हरला. मार्क दोन. त्या दोन ओळींत आपण कुठेच नसतो. जणू अफू इंग्लंडमध्ये पिकत होती.

पिकत होती आपल्याकडे. इंग्रजांना चीनचा चहा आणि रेशीम हवं होतं, आणि चीनला विलायती मालात फारसा रस नव्हता. मग पैसे द्यायचे चांदीत. हा चांदीचा ओघ उलटा फिरवायला सापडलेला माल म्हणजे अफू. बिहार-बनारसकडच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देऊन खसखस पेरायला लावायची, कलकत्त्यात लिलाव करायचा, आणि पुढे चीनला नेण्याचं काम खाजगी व्यापाऱ्यांवर सोडायचं. चीनमध्ये अफूला बंदी होती, त्यामुळे कंपनीचे हात कागदोपत्री स्वच्छ.

दुसरी अफू माळव्याची. इंदूर, उज्जैन, मंदसोरच्या बाजूची. हा मुलुख कंपनीचा नव्हता, होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांचा होता. त्यामुळे मक्तेदारी इथे चालेना. कंपनीने आधी हा माल अडवायचा प्रयत्न केला, पण तो दमणच्या पोर्तुगीज बंदरातून निसटायला लागला. शेवटी १८३०-३१ च्या सुमारास कंपनीने आपल्या मॅनेजरसारखाच व्यवहारी निर्णय घेतला: ट्रॅफिक ब्लॉक होत नाही ना, मग टोल लावा. दर पेटीमागे फी भरा आणि माल खुशाल मुंबई बंदरातून न्या. तिथून मुंबईचं नशीब उघडलं. एका पेटीत साधारण साठ किलो अफू. माळव्यातून बैलांवर, गाड्यांवर लादून मुंबईला, मुंबईहून जहाजाने चीनच्या कँटनला.

या धंद्यात मुंबईचे पारशी, मारवाडी, गुजराती, कोकणी मुसलमान, सगळे होते. सगळ्यात मोठं नाव जमशेटजी जीजीभॉय. जन्म १७८३. तरुणपणी त्यांनी चीनच्या अनेक फेऱ्या केल्या. १८०५ मध्ये ते ज्या 'ब्रन्सविक' जहाजावर होते ते फ्रेंचांनी पकडलं. त्याच जहाजावर एक स्कॉटिश डॉक्टर होता, विल्यम जार्डिन. हाच जार्डिन पुढे जार्डिन मॅथेसन या चीनमधल्या बलाढ्य अफू कंपनीचा संस्थापक झाला आणि जमशेटजी त्याचे मुंबईतले सगळ्यात महत्त्वाचे भागीदार. बंडवर २७ नंबरची इमारत आहे ना, १९२२ ची, ती जार्डिन मॅथेसनची.

१८३९ मध्ये चिनी सम्राटाने लिन झशू नावाचा कडक अधिकारी कँटनला पाठवला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त केल्या आणि हुमेनला खड्डे खणून, पाणी, मीठ आणि चुना घालून तीनेक आठवडे त्या नष्ट करत बसला. त्यातल्या पुष्कळ पेट्या मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या होत्या. नुकसान भरपाई मिळावी म्हणून मुंबईतून अर्ज गेले. मग ब्रिटिश आरमार गेलं, आणि त्याच्याबरोबर मद्रास-बंगालच्या हिंदी पलटणी. १८४२ च्या ऑगस्टमध्ये नानजिंगचा तह झाला तो 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर. ही नौका १८१३ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली. चीनवर लादलेल्या दंडाच्या २ कोटी १० लाख चांदीच्या डॉलरांपैकी ६० लाख होते जप्त अफूचे.

या तहाने हाँगकाँग गेलं आणि पाच बंदरं उघडली. त्यातलं एक शांघाय. 'तिथे आधी नुसतं कोळ्यांचं खेडं होतं' असं सांगतात, जसं मुंबईबद्दलही सांगतात, पण ते काही खरं नाही. तटबंदीचं, व्यापाराचं चांगलं जुनं शहर होतं. तिथली युयुआन बाग सोळाव्या शतकातली आहे. परदेशी लोकांनी तटाच्या बाहेर, नदीकाठच्या चिखलावर आपली वेगळी वस्ती केली. ती म्हणजे हा बंड.

त्याच वर्षी, १८४२ मध्ये, जमशेटजींना 'सर' किताब मिळाला. तो मिळालेले ते पहिले हिंदी. तो अफूसाठी नव्हता, दानधर्मासाठी होता, आणि दानधर्म खरोखरच अफाट होता. मुंबईचं जे.जे. हॉस्पिटल, जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, पत्नी आवाबाईंच्या पैशांतून माहीमचा कॉजवे. आणि पुण्यात? १८५० च्या सुमारास मुळा-मुठेवर बांध घातला गेला, शहराला पाणी मिळावं म्हणून, तो जमशेटजींच्या देणगीतून. त्या बांधाशेजारची बाग ती बंड गार्डन!

मी बंडवर एका बाकावर बसून हे जुळवत होतो आणि खरं सांगतो, हातातली कॉफी थंड झाली. लहानपणी रविवारी मी ज्या बंडवर जायचो तो आणि हा, नाव एकच, आणि मागच्या वहीखात्यातला जमेचा रकानाही बराचसा एकच.

अजून एक पात्र बाकी आहे. नानजिंग रोड जिथे बंडला मिळतो त्या कोपऱ्यावर हिरव्या पिरॅमिडच्या टोपीची एक देखणी इमारत आहे, पीस हॉटेल. १९२९ साली बांधली तेव्हा नाव होतं ससून हाउस, आत कॅथे हॉटेल. मालक व्हिक्टर ससून. त्याचे पणजोबा डेव्हिड ससून बगदादहून १८३२ मध्ये मुंबईला आले. कापूस, सूत आणि अफू. १८४४ मध्ये त्यांचा मुलगा इलायस चीनला गेला, आणि पुढच्या तीसेक वर्षांत भारतातून चीनला जाणाऱ्या अफूच्या धंद्यात ससून मंडळींनी जार्डिनलाही मागे टाकलं. मुंबईचा ससून डॉक त्यांच्या घराण्याचा, काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी त्यांची. डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले आणि कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. आणि १८६७ मध्ये त्यांच्या देणगीतून उभं राहिलं ससून हॉस्पिटल.

माझ्या आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन ससूनला झालं होतं. तेव्हा खाजगी दवाखाना परवडण्याचा प्रश्नच नव्हता. आजी सांगायची, पैसे लागले ते फक्त रिक्षाचे. आमच्या घरात 'ससून' हा शब्द आजही कृतज्ञतेनेच उच्चारला जातो.

तर मी पीस हॉटेलसमोर उभा राहून त्या हिरव्या छपराचा फोटो काढत होतो. शेजारी सत्तरीचे एक आजोबा, गळ्यात कॅमेरा, टोपी घातलेले. सगळे पलीकडचे फोटो काढतायत आणि हा इकडचा काढतोय म्हणून असेल, त्यांनी मोबाइल पुढे केला. भाषांतराचं ॲप. कुठून आलात? मी म्हटलं, इंदू. म्हणजे भारत. मग मी उत्साहाने बोलून टाकलं, की हे घर बांधणाऱ्यांचं माझ्या गावात मोठं हॉस्पिटल आहे, गरिबांवर फुकट उपचार होतात. त्यांनी ते वाचलं. थोडा वेळ इमारतीकडे पाहिलं. मग फोनमध्ये काहीतरी बोलले आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली.

'तिथे अफूचं व्यसन सोडवतात का?'

खोचकपणे विचारलं होतं की साधं कुतूहल, मला चेहऱ्यावरून कळलं नाही. मी टाइप केलं, 'सरकारी हॉस्पिटल आहे, सगळंच बघतात.' त्यांनी मान हलवली, हसले, माझा एक फोटो काढला आणि गेले.

मी मात्र तिथेच. कारण त्या प्रश्नाला माझ्याकडे जी उत्तरं होती ती एकेक करून मनात तपासली आणि एकही धड टिकेना.

पहिलं उत्तर: हे इंग्रजांनी केलं, आपण गुलाम होतो. अर्धंच खरं. कंपनीची मक्तेदारी, आरमार, तह हे सगळं इंग्रजांचं. बिहारच्या शेतकऱ्याला पर्याय नव्हता हेही खरं. पण माळव्याचा माल कंपनीच्या मक्तेदारीला वळसा घालून आला, देशी सावकारांनी पैसा लावला, मराठी संस्थानिकांच्या मुलुखात पिकला आणि मुंबईच्या देशी शेटांनी विकला. नफ्यात आपला वाटा होता.

दुसरं उत्तर: तो काळच तसा होता, कोणाला चुकीचं वाटतच नव्हतं. हेही नाही. दादाभाई नौरोजींनी या व्यापाराला इंग्लंडच्या तोंडावर लाजिरवाणा म्हटलं. आणि १८८१ मध्ये वीस वर्षांच्या रवींद्रनाथ टागोरांनी 'भारती' मासिकात चीनमधल्या या मरणाच्या व्यापारावर लेख लिहिला. म्हणजे माझ्यापेक्षा लहान वयाच्या मुलाला ते स्वच्छ दिसत होतं.

तिसरं उत्तर: पण त्यांनी दान केलं ना! हो, केलं. न करणारेही पुष्कळ होते, त्यांच्यापेक्षा हे हजार पटींनी बरे. पण ज्याने किंमत मोजली तो एका देशातला आणि ज्याला पाणी, औषध मिळालं तो दुसऱ्या. माझ्या आजोबांची चूक काहीच नाही. त्या चिनी आजोबांच्या पणजोबांचीही नसावी.

पीस हॉटेलच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, लाल-पांढऱ्या विटांची एक इमारत आहे, जुनं पॅलेस हॉटेल. फेब्रुवारी १९०९ मध्ये इथे आंतरराष्ट्रीय अफू आयोगाची बैठक भरली, तेरा देश आले. अमली पदार्थांवर जगाने एकत्र बसून चर्चा केली ती ही पहिलीच वेळ. त्याआधी १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातली अफू निर्यात दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने थांबवायचं कबूल केलं होतं. आणि वीस वर्षांनी, समोरच्याच कोपऱ्यावर, ससून हाउस उभं राहिलं. अफू संपली होती, पैसा जमिनीत आणि इमारतींत शिरला होता. एका चौकात हिशोबाच्या दोन्ही बाजू.

थोडं पुढे १२ नंबरची इमारत, १९२३ ची, हाँगकाँग अँड शांघाय बँकेची. आपण जिला एचएसबीसी म्हणतो ती. आता तिथे दुसरी चिनी बँक आहे. आत गेल्यावर घुमटात मोझॅइकची चित्रं आहेत, बँकेच्या आठ शहरांची. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियो, बँकॉक, हाँगकाँग, शांघाय आणि आठवं कलकत्ता! मान वर करून बराच वेळ पाहत राहिलो. मुंबई नाही. पण १८६४ मध्ये ही बँक काढायला जी समिती बसली तिच्यात आर्थर ससून होते आणि पालनजी फ्रामजी, रुस्तमजी धनजीशा हे दोन पारशीही. मुंबई भिंतीवर नाही, पायात आहे.

परतताना नानजिंग रोडवरून चालत आलो. आज तो नुसता खरेदीचा रस्ता आहे, दिवे, आइसक्रीम, सेल्फी. ३० मे १९२५ रोजी याच रस्त्यावर पोलीस ठाण्यासमोर जमलेल्या चिनी निदर्शकांवर ब्रिटिश इन्स्पेक्टरने गोळीबाराचा हुकूम दिला. बंदुका चालवणाऱ्यांत शीख शिपाई होते. किमान नऊ माणसं मेली आणि त्या घटनेने चीनभर संप आणि बहिष्काराची लाट उसळली. १८८० च्या दशकापासून इंग्रजांनी इथे पंजाबातून पोलीस आणले होते. स्थानिक लोक त्यांना लाल पगडीवरून एक टोपणनाव द्यायचे, आणि त्यातला 'आ-सान' हा तुकडा आजही चिनी इंटरनेटवर भारतीयांना हिणवायला वापरतात. आपल्याला वाटतं हे सीमेवरच्या भांडणातून आलं असेल. त्याचं मूळ या फुटपाथवर आहे. जालियनवाला बागेत गोळी चालवणारे शिपाईही आपलेच होते, हे आपण दुःखाने सांगतो. इथलं मात्र आपल्या कोणाच्या गावी नाही.

चीनमध्ये १८४२ पासूनच्या शंभर वर्षांना अपमानाचं शतक म्हणतात, शाळेत पोरापोरांना शिकवतात. त्यात राजकारण आहेच, नाही असं नाही. पण त्यांच्या आठवणीत आपण आहोत आणि आपल्या आठवणीत ते प्रकरणच नाही, हा फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवला.

संध्याकाळी सहाला पुन्हा मेट्रो, पुन्हा मॅग्लेव्ह. पलीकडचे टॉवर नुकतेच उजळायला लागले होते. त्यांचाही एक फोटो काढला, घरी दाखवायला लागतोच.

पुण्याला परतल्यावर एका रविवारी मुद्दाम बंड गार्डनला गेलो. नदीला वास होता, जलपर्णी होती, बांधावरून पाणी पडत होतं. पोरं धावत होती. येताना स्टेशनजवळून ससूनवरून आलो. केसपेपरची रांग फाटकापर्यंत होती. त्या रांगेतल्या कोणाला डेव्हिड ससूनच्या पैशांचा हिशोब विचारावा असं मला मुळीच वाटत नाही. पुतळे हलवा, नावं बदला, असंही नाही. फक्त त्या आजोबांना मी जे घाईघाईने टाइप केलं ते अपुरं होतं. आज विचारलं असतं तर लिहिलं असतं, 'हॉस्पिटल चांगलं आहे. पैसे तुमच्याकडून आले होते. आमच्या आजोबांना ते माहीत नव्हतं, मला आता माहीत आहे.'

असो. ॲपने त्याचं काय भाषांतर केलं असतं, देव जाणे.